वर काय टाकलंय?

मी जन्माची भित्री आहे. माहेरी मेंढरं होती. लहानपणी त्यांच्यामागे माळावर गेले की घरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायची, आणि बराबर भरली तरी मनाचं समाधान व्हायचं नाही. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणू दे. मी ज्या कामात पडले त्या कामात भित्रं माणूसच टिकतं, असं माझं मत आहे.

काम असं. परदेशातून माल आला की बंदरावर कस्टमला त्याचे कागद द्यावे लागतात. माल काय आहे, किती आहे, कुठून आला, सगळं लिहून, खाली आयातदाराची सही. हे कागद लोकांना तयार करून देणारी एक कचेरी बंदराजवळ आहे आणि त्या कचेरीचं काम मी आखाडा बाळापुरात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून करते. खिडकीखालीच रस्ता आहे. बाजारच्या दिवशी गाड्यांचे हॉर्न इतके वाजतात की फोनवर कचेरीतले साहेब विचारतात, ताई, तुम्ही चौकात उभ्या आहात का? ही गोष्ट घडेपर्यंत समुद्र मी पाहिलेला नव्हता. जहाजं मात्र माझ्या टेबलावरून रोज जायची.

पूर्वी सगळं हातानं भरायचे. आता एआय आहे. विक्रेत्याचं बिल, खोक्यात काय भरलंय त्याची यादी आणि जहाजाची पावती, हे तिन्ही कागद त्याला दिले की ते वाचतं, कस्टमचा मसुदा भरतं आणि कुठे आकडा जुळत नसेल तर बोट ठेवतं. कामाला वाघ आहे, यात वाद नाही. माझ्या डोळ्यांतून निसटलेली वजनाची चूक त्यानं पकडलेली आहे. पण एकदा मेंढ्यांच्या कानाला मारायचे प्लास्टिकचे बिल्ले आले होते, ते त्यानं बिनदिक्कत नकली दागिन्यांत टाकले. कानात घालतात म्हणजे कानातलं! मी मेंढरांच्या घरातली, म्हणून हसले आणि सुधारलं. हसून झाल्यावर मात्र मनात आलं. जे मला माहीत नाही तिथे हे असंच ठोकून देत असेल तर मला कळणार कसं? त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक काम मी दुसऱ्यांदा तपासते. कचेरीचं असं काम करणाऱ्या आम्ही आधी पुष्कळ जणी होतो, आता मोजक्याच उरलो, आणि मी उरले ती या भित्रेपणामुळेच.

माझा धाकटा भाऊ साखऱ्याला असतो. कोरडवाहू शेती, थोडी मेंढरं, आणि गावातल्या शेतकऱ्यांचा एक गट, ज्याचा तो अध्यक्ष. गटाची छोटी डाळमिल आहे. तुरीच्या डाळीतला काळा, डागी दाणा कॅमेऱ्यानं ओळखून हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवणारी एक मशीन असते, ती त्यांनी चीनमधून मागवायचं ठरवलं. आयातदार म्हणून नाव आणि सही भावाची. कागद अर्थातच अक्कानं करायचे. एआयला तो ‘तुझा मुनीम’ म्हणायचा. ‘अक्का, तुझ्या मुनिमाला सांग, आमच्या मशीनीला नजर लागू देऊ नको म्हणावं.’

परक्याच्या कागदाला भिते त्याच्या दुप्पट मी भावाच्या कागदाला भ्याले. मसुदा झाल्यावर एआयला पुन्हा तपासायला लावलं, मग स्वतः तपासलं, मग पुन्हा त्याला दिलं. दर वेळी त्याचं उत्तर एकच: तिन्ही कागद एकमेकांशी जुळतात, तफावत आढळली नाही. साहेबांनी नजर टाकली आणि जहाज अजून समुद्रात असतानाच कागद दाखल झाले. मला वाटलं, सुटले.

त्याच आठवड्यात भाऊ औंढ्याला नागनाथाला जाऊन, मशीनीसाठी नारळ फोडून, तसाच माझ्याकडे जेवायला आला. खुशीत होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, ‘अक्का, मशीन तर येऊनच राहिली. पण वर काय येऊन राहिलं, वळख बरं?’

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वर घेतल्याशिवाय आमच्याकडे सौदा पुरा होत नाही. भाजी तोलून झाली की पिशवीत वर मूठभर कोथिंबीर पडली पाहिजे. बैल घेतला तर दावं वर. कापडवाल्याकडे लग्नाचा बस्ता बांधला तर वर एखादी टोपी, एखादा खण. न मागणारा तो बावळट आणि न देणारा तो चिंधीचोर. आणि वर दिलेली वस्तू जगातल्या कुठल्याही पावतीवर लिहिलेली नसते.

तर माझ्या भावानं फोनवरच्या भाषांतराच्या जोरावर त्या चिनी विक्रेत्या बाईशी सौदा केला होता आणि सगळं ठरल्यावर मोंढ्याच्या बाजारात विचारतात तसं विचारलं होतं, वर काय देता? बाई हसली म्हणे. काय हवं, म्हणाली. यानं सांगितलं, कॅमेऱ्याचं उडतं यंत्र द्या. तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं घुसतात, ती कुठे बसलीत ते वरून दिसलं म्हणजे हुसकायला बरं.

‘ड्रोन?’ मी म्हटलं.

‘व्हय. लहानच हाय. मशीनीच्या खोक्यात टाकते म्हणली.’

माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मी विचारलं, ‘कागदावर हाय का ते?’

तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की जणू मी कोथिंबिरीची पावती मागितली. ‘वरचं कुठं कागदावर राहते व्हय, अक्का?’

त्याचा हिशोब सरळ होता. विकत घेतलं तो माल. फुकट मिळालं तो माल नव्हेच, मग त्याचा कागद कशाला आणि कर कशाचा? मी त्याला सांगितलं की इथे कराची गोष्टच नाही. तयार ड्रोन बाहेरून आणायलाच आपल्याकडे बंदी आहे आणि खोक्यात जे असेल ते सगळं माल धरतात, फुकटचं असो की विकतचं. न लिहिता सापडलं तर त्याला चोरून आणणं म्हणतात. आयातदार म्हणून तुझं नाव आहे, सही तुझी आहे, केस तुझ्यावर होईल.

‘काहून भेव दाखवून राहिली?’ तो म्हणाला. पण भाकरीचा तुकडा त्यानं ताटातच ठेवला. ‘तुझ्या मुनिमानं तर पास केलं ना सगळं?’

तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि एआयला मराठीतच, रागारागानं, सगळं लिहिलं. तू तर सगळं जुळतं म्हणालास. त्याचं उत्तर मला अजून आठवतं. त्यानं लिहिलं होतं की मी फक्त तुम्ही दिलेले कागद एकमेकांशी ताडून पाहिले. खोक्यात प्रत्यक्ष काय आहे ते मला कळू शकत नाही. कचेरीला लगेच कळवा. जहाज लागण्याआधी आपण होऊन सांगितलं तर त्याचा विचार होऊ शकतो, पण काय होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि विक्रेत्याकडून नेमकं काय भरलं ते लेखी घ्या, शक्य असेल तर फोटो मागवा.

खरं बोलत होतं बिचारं. पण त्या क्षणी मला ते फेकून द्यावंसं वाटलं. इतकी वर्षं मी हेच काम करत होते म्हणायचं, कागदाला कागद लावून पाहायचं! आतापर्यंत माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक खोक्यात काय काय असेल, या विचारानं मला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. खाली रसवंतीवर माणसं निवांत रस पीत होती. भाऊ बोललाच नसता तर किती बरं झालं असतं, असंही मनात आलं. मला माहीत नसतं तर मी निर्दोष असते. आता माहीत होतं, आणि गप्प बसले तर चोरीत माझाही हात.

साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जहाज कधी लागतं ते विचारलं. मग म्हणाले, ‘हे मला फोनवर नका सांगू, ताई. आयातदाराच्या सहीनं लेखी पाठवा. मग आपणच अर्ज करू, की आमचा खोका अधिकाऱ्यांसमोर उघडून तपासा.’

‘भावाला काही होईल का हो?’

‘ते सांगता येत नाही. न सांगता सापडलं तर काय होईल, ते मात्र सांगता येतं.’

माणूस वाईट नाही, पण आवाज एकदम परका झाला होता.

विक्रेत्या बाईला मी निरोप लिहिला, एआयनं तो चिनी भाषेत करून दिला. तिचं उत्तर आलं ते फुलाबिलांच्या चित्रांसकट. सोबत खोका भरतानाचा फोटो. लाकडी खोका, आत फेसात बसवलेली मशीन, आणि कोपऱ्यात लाल कागदात बांधलेले दोन डबे. एक नाही, दोन. एक तुमच्या भावाला, तिनं लिहिलं होतं, आणि एक तुम्हाला. तुमचा भाऊ म्हणाला, कागद माझी बहीण करते. तुम्ही फार नीट काम करता.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! तोवर मी भावासाठी भीत होते. आता कागद करणाऱ्या बाईच्या नावाचा, बंदी असलेला नजराणा त्याच खोक्यातून येत होता. कोण म्हणेल की हिला माहीत नव्हतं? माझी नोकरी तर जाईलच. पण नवऱ्याला, सासरच्यांना काय सांगू? चिनी बाईनं मला फुकट ड्रोन दिला आणि मी मागितला नव्हता, हे बाळापुरात कोणाला खरं वाटेल?

फोटो यायच्या आधीच मी एआयकडून अर्जाचा मसुदा करून घेतला होता. त्यात एक ड्रोन लिहिलेला होता. तो तसाच ठेवावा असं मला वाटलं, आणि चांगलं दहा-पंधरा मिनिटं वाटत राहिलं. भावाचा सांगू, माझा कशाला? पण अर्जाला फोटो जोडायचा होता, म्हणून मी मसुदा आणि फोटो दोन्ही तपासायला दिले आणि लगेच त्याचं बोट तिथेच पडलं: अर्जात एक डबा लिहिला आहे, फोटोत दोन दिसतात, कृपया खात्री करा. बस्स, एवढंच. ना राग, ना संशय. घरातल्या कोणी असं विचारलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. इथे सुनावणार कोणाला? मी दोन लिहिले आणि दुसऱ्यापुढे माझं नाव लिहिलं.

सही घ्यायला भावाला बोलावलं. त्याला समजावं म्हणून मराठीतही काढून ठेवलं होतं. तो उभ्याउभ्यानंच वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

‘मला चोर म्हणून लिवलं तू?’

‘चोर न्हाई लिवलं. मागितलं म्हणून लिवलं. मागितलं न्हाई का तू?’

‘वर मागितलं, अक्का. समदे मागतात.’

‘मला ठावं हाय रे. त्या साहेबलोकांना न्हाई ना ठावं.’

‘गावात कळलं तर? गटाचे लोक काय म्हणतील? मशीन अडकली तर तुरी आल्यावर काय तोंड दाखवू?’

मशीन अडकू शकते हे खरंच होतं. केस होऊ शकते हेही खरं होतं. मी म्हटलं, ‘आपण सांगितलं तर वाचशील असं वाटतं मला.’

‘वाटतं?’ तो म्हणाला. ‘म्हणजे तुलाबी पक्कं ठावं न्हाई.’

नव्हतंच. तरी त्यानं सही केली. चहा ठेवलेला होता, तो न घेता गेला. माझ्या घरून तो बिनचहाचा कधी गेला नव्हता.

पुढे जहाज लागलं आणि खोका उघडायच्या दिवशी बोलावणं आलं. हिंगोलीहून ट्रॅव्हल्सनं आम्ही दोघं गेलो. वाटेत तो खिडकीकडे तोंड करून बसला. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, तोही कुंपणाच्या जाळीतून, आणि मला तो मुळीच आवडला नाही. मोठ्या शेडमध्ये आमचा खोका एका बाजूला काढून ठेवला होता. फळ्या उचकटल्या. मशीन निघाली, आणि कोपऱ्यात ते लाल कागद. अधिकाऱ्यानं डबे उघडून टेबलावर ठेवले. हातभरसुद्धा नव्हती ती यंत्रं. लग्नातल्या आहेरासारखी दिसत होती. मी मनातल्या मनात नागनाथाचा धावा करत होते की तिसरं काही निघू नये. अधिकारी शांतपणे एकेक भाग यादीशी लावत होता.

तिसरं काही निघालं नाही. मग जबाब झाला. अधिकारी मराठीच होता. त्यानं भावाला विचारलं, ‘कागद कोणी केले?’

‘अक्कानं.’

‘आणि हे कळवलं कोणी?’

‘तिनंच.’

‘सख्खी बहीण?’

‘व्हय साहेब.’

अधिकाऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला लागला. त्या पाहण्याचा अर्थ मी पुढे कित्येक दिवस लावत बसले.

शेवटी झालं ते असं. ड्रोन जप्त झाले, थोडा दंड झाला, कडक ताकीद मिळाली आणि मशीन सुटली. आपण होऊन कळवलं म्हणून एवढ्यावर भागलं, असं साहेबांनी सांगितलं. माझी नोकरीही राहिली. तुरी यायच्या आत मशीन साखऱ्यात बसली आणि काळे दाणे फुर्रफुर्र बाजूला उडायला लागले. जप्तीचं, दंडाचं गावाला काही कळलं नाही.

पण भाऊ बदलला. आधी तो आला की पायरीवरूनच बोलणं सुरू व्हायचं. कोणी काय विकलं, कोणाची सोयरीक मोडली, मेंढीनं काय खाल्लं, सगळं. आता बोलायच्या आधी थांबायचा. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, सोयाबीनबद्दल आणि पावसाबद्दल बोलला आणि उठला. जावयाशी बोलावं तसं जपून बोलला माझ्याशी. मला रडू आलं, पण ते तो गेल्यावर. आणि रडून झाल्यावर परत भीतीच. त्या दिवशी तो भाकरी खाता खाता बडबडला म्हणून मला कळलं होतं. एआयला कागदापलीकडचं दिसत नाही आणि मला भाऊ सांगेल त्यापलीकडचं. आता त्यानं सांगायचंच सोडलं, तर पुढच्या वेळी त्याला वाचवायचं कसं?

आणि पुढची वेळ आलीच. गटाला त्याच मशीनीचे कॅमेरे आणि हवेच्या झडपा जास्तीच्या हव्या होत्या, त्याच बाईकडून. भावानं कागद फोनवर पाठवले. मी ते एआयला दिले, त्यानं तपासून बरोबर असल्याचं सांगितलं. मी भावाला फोन लावला.

‘वर काही मागितलं न्हाई ना रे?’

‘न्हाई अक्का.’

एवढंच म्हणाला आणि ठेवला. इतकं पटकन का म्हणाला? खरं असेल तर माणूस थोडा चिडतो, हसतो, काहीतरी पुढे बोलतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दोन दिवस मी नुसती फुंकतच बसले. शेवटी भावाला न सांगता, त्याच्या पाठीमागे, मी त्या बाईला निरोप पाठवला. खोका बंद करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो पाठवा आणि वर काही टाकलं असेल तर कृपा करून मला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जात्यावर डाळ भरडत होते तेव्हा फोन वाजला. पीठ लागलेल्या हातानंच उघडला. फोटोत सुटे भाग, फेस आणि चार रिकामे कोपरे. खाली तिनं लिहिलेलं भाषांतर होऊन आलं होतं:

‘तुमच्या भावानं आधीच कळवलं आहे. या वेळी भेट टाकू नका, असं त्यांनी स्वतः लिहिलं. फोटो काढून बहिणीला पाठवा, असंही लिहिलं. म्हणाले, माझी बहीण फार घाबरते, आणि ती घाबरली की तिला जेवण जात नाही.’

मी तिथेच जात्याशी बसून राहिले. त्याच्या पाठीमागे मी चौकशी केली होती, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवते आणि फोन हातात घेतला की त्याचं ते तुटक ‘न्हाई अक्का’ कानात येतं. खरं बोलला होता तो, आणि मी मानलं नव्हतं. आता कस्टमची वाटत नाही तेवढी भीती मला या एका फोनची वाटते.